विचारायचं कुणाला?

मराठी घरात संगणक बिघडला की फारसा विचार करावा लागत नाही. एखादा भाचा असतो, पुतण्या असतो, नाहीतर वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा असतो. प्रिंटर कागद गिळतो, वायफाय रुसतं, आयकराच्या संकेतस्थळावर पासवर्ड चालत नाही, की त्याला फोन जातो. तो येतो, चहा घेतो, "काका, रीस्टार्ट केलं होतंत का?" असं विचारतो, रीस्टार्ट करतो आणि जातो. काका त्याच्या हुशारीचं आठवडाभर कौतुक करतात.

एका बिघाडासाठी मात्र हा फोन कधीच जात नाही. चाळिशीतल्या एखाद्या सद्गृहस्थाने प्रौढांसाठीचा, म्हणजे वय वर्षं अठराच्या वरच्यांसाठीचा, गेम डाउनलोड केला. तो चालेना. वर अँटिव्हायरसने त्याला ट्रोजन, म्हणजे वेष पालटून घरात शिरणारा चोर, ठरवून परस्पर उचलून नेलं. आता भाच्याला बोलवावं, तर तो पहिला प्रश्न विचारणार, "कुठला गेम, काका?" या प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा नवा लॅपटॉप घेणं काकांना परवडतं.

हा गृहस्थ काही जगावेगळा नव्हे. 'स्टीम' या गेमच्या सर्वांत मोठ्या दुकानात सप्टेंबर २०१८पासून असे खेळ उघडपणे विकायला आहेत, आणि जपानमध्ये तर हा उद्योग कित्येक दशकं जुना आहे. यातले असंख्य खेळ मोठ्या स्टुडिओत तयार होत नाहीत. घरी बसून एकटादुकटा माणूस ते करतो. त्यासाठी 'रेनपाय' हे टॉम रॉथमेलने २००४ साली आणलेलं फुकट इंजिन असतं, नाहीतर जपानी 'आरपीजी मेकर' असतो, नाहीतर 'युनिटी'. एकट्या माणसाने केलेल्या खेळात चुका असणारच. शिवाय हा माणूस ज्या पद्धतीने काम करतो, ती पद्धत अँटिव्हायरसला मुळातच आवडत नाही.

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. अँटिव्हायरस सोवळा नसतो. गेममध्ये कोण काय नेसलंय किंवा काय नेसलेलं नाही, हे तो बघतच नाही. एकादशीला इशारे जास्त आणि इतर दिवशी कमी, असंही काही नसतं. त्याची चौकशी वेगळीच असते, आणि ती बरीचशी लग्नाच्या स्थळाच्या चौकशीसारखी असते. मुलगा दिसायला बरा आहे, पण कुणाचा? गावात कुणी ओळखतं का? विंडोजचा 'स्मार्टस्क्रीन' नेमकं हेच विचारतो. फाइलवर कुणा नामांकित प्रकाशकाची डिजिटल सही आहे का, आणि ही फाइल याआधी पुरेशा लोकांनी उतरवून घेतली आहे का? दोन्ही उत्तरं नकारार्थी आली की निळी पाटी झळकते.

आता गंमत अशी, की प्रौढांच्या खेळाचा कर्ता या दोन्ही परीक्षांत हमखास नापास होतो. सहीसाठी लागणारं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं, दरवर्षी पैसे मोजावे लागतात, आणि जून २०२३पासून त्याची गुप्त किल्ली सुरक्षित हार्डवेअरमध्ये ठेवण्याची सक्ती आली आहे. शिवाय प्रमाणपत्रावर खरं नाव घालावं लागतं. टोपणनावाने रात्री खेळ रचणाऱ्या आणि दिवसा बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला हे कसं मानवणार? दुसरी परीक्षा ओळखीची. या मंडळींचा चरितार्थ दरमहा वर्गणी देणाऱ्या चाहत्यांवर चालतो, म्हणून खेळ कधी पूर्णच होत नाही. आवृत्ती ०.१४, मग ०.१५, मग ०.१५.२. नायिकेने चौथ्या आवृत्तीत कॉफीला येते म्हटलेलं असतं, ती अकराव्या आवृत्तीत कपाला हात लावते. यातली प्रत्येक आवृत्ती स्मार्टस्क्रीनच्या लेखी कोरी, अनोळखी फाइल. जरा ओळख होतेय तोवर नवी आवृत्ती येते आणि चौकशी पहिल्यापासून सुरू.

बरं, निळी पाटी तरी सभ्य असते. 'अधिक माहिती'वर टिचकी मारली की 'तरीही चालवा'चं बटण मिळतं. विंडोजचा डिफेंडर मात्र थेट नाव ठेवतो. त्याचं आवडतं नाव 'ट्रोजन:विन३२/वाकाटाक.बी!एमएल'. विदर्भातल्या वाकाटकांशी त्याचा काही संबंध नाही. शेवटचं 'एमएल' मात्र नीट वाचावं, कारण ते मशीन लर्निंगचं लघुरूप आहे. म्हणजे या फाइलचा गुन्हा कुणी प्रत्यक्ष तपासलेला असेलच असं नाही. एका गणिती प्रतिमानाला ती 'तसली' वाटली, इतकंच. 'जेन', 'ह्यूर', 'सस्पिशस' अशा शेपट्यांचाही अर्थ साधारण हाच. काही कर्ते खेळातल्या शेकडो फाइली 'एनिग्मा व्हर्च्युअल बॉक्स'सारखं साधन वापरून एकाच फाइलीत कोंबतात, नाहीतर 'यूपीएक्स'ने एक्झी फाइल दाबून लहान करतात. चोरीचा माल लपवणारेही तेच करतात. त्यामुळे गाठोडं दिसलं की झडती.

अँटिव्हायरस चुकतोच कसा, असं विचारणाऱ्यांसाठी एक जुना निकाल आहे. फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने १९८०च्या दशकातच गणिताने सिद्ध केलं, की कुठल्याही प्रोग्रॅमकडे पाहून तो व्हायरस आहे की नाही हे दर वेळी अचूक सांगणारी पद्धत असूच शकत नाही. एकतर काही चोर सुटणार, नाहीतर काही सज्जन आत जाणार. १९९०च्या दशकात काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून पुढे 'क्विक हील' ही अँटिव्हायरस कंपनी जिथे उभी केली, त्या पुण्यापासून थेट कॅलिफोर्नियापर्यंत हा धंदा करणारे सगळे याच कात्रीत सापडलेले आहेत.

आणि सज्जन आत गेले, तेही असेतसे नव्हेत. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीतली 'एसव्हीसीहोस्ट' ही फाइल व्हायरस म्हणून पकडली. ही फाइल गेली की विंडोजच उभी राहत नाही. जगभरचे संगणक बंद होऊन पुन्हा सुरू आणि पुन्हा बंद असे चक्रात अडकले. ऑस्ट्रेलियात सुपरमार्केटची दुकानं बंद ठेवावी लागली, अमेरिकेत काही इस्पितळांनी तातडीचे नसलेले रुग्ण परत पाठवले. त्या वेळी मॅकॅफीचे तंत्रज्ञानप्रमुख होते जॉर्ज कर्ट्‌झ. त्यांनी पुढे स्वतःची सुरक्षा कंपनी काढली. तिचं नाव क्राउडस्ट्राइक. जुलै २०२४मध्ये जिच्या एका सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले आणि विमानं जमिनीवर राहिली, तीच ही. काही माणसांच्या पत्रिकेत अपडेटचा योग असतो.

मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसने ३० सप्टेंबर २०११ रोजी गुगल क्रोमला बँकेचे पासवर्ड चोरणारा ठरवून काही संगणकांवरून हाकललं. सोफोसने तर २०१२च्या सप्टेंबरात कमालच केली. त्यांच्या अँटिव्हायरसने स्वतःच्याच अपडेट आणणाऱ्या भागाला व्हायरस म्हणून धरलं. चूक दुरुस्त करणारं अपडेट यायला हवं होतं, पण ते आणणाराच अटकेत. पांडा या स्पॅनिश कंपनीनेही मार्च २०१५मध्ये आपल्याच फाइली अशाच जेरबंद केल्या. जो स्वतःला ओळखत नाही, त्याने कुणा अनोळखी गृहस्थाच्या ०.१५.२ आवृत्तीला ओळखावं, ही अपेक्षा जरा जास्तच होते.

तरी बिघाडांचा सगळा दोष अँटिव्हायरसच्या माथी मारता येणार नाही. निम्मे बिघाड खेळणाऱ्याच्या लपवाछपवीतून निर्माण होतात, आणि हा भाग फारच रसाळ आहे.

आपला सद्गृहस्थ गेम कुठे ठेवतो? डेस्कटॉपवर नक्कीच नाही. तो एक फोल्डर करतो, 'आयकर जुनी कागदपत्रं'. त्याच्या आत '२०११-१२', त्याच्या आत 'फॉर्म १६ मूळ प्रती', त्याच्या आत 'परत तपासणे', आणि त्याच्या आत तो गेम, ज्याचं स्वतःचं नाव जपानी कादंबरीच्या परिच्छेदाइतकं लांब. विंडोजमध्ये फाइलच्या संपूर्ण पत्त्याला परंपरेने २६० अक्षरांची मर्यादा आहे. 'परत तपासणे'च्या आत पोचेपर्यंत ती संपत आलेली असते. झिप उघडताना शेवटच्या काही फाइली मुकाट्याने गळतात आणि ऐन प्रसंगी नायिकेऐवजी काळा पडदा येतो.

दुसरी गोष्ट याहून खोल. फोल्डरची नावं मराठीत आहेत. विंडोजमध्ये जुन्या, युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी इंग्रजी, रशियन, जपानी अशा लिप्यांची वेगवेगळी कोष्टकं आहेत. देवनागरीला असं कोष्टक कधी मिळालंच नाही. आपली लिपी विंडोजमध्ये आली ती थेट युनिकोडमधूनच. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या जपानी खेळाला 'आयकर जुनी कागदपत्रं' हा पत्ता निव्वळ प्रश्नचिन्हांची रांग म्हणून दिसतो. प्रश्नचिन्ह हे अक्षर फाइलच्या नावात चालतच नाही. खेळ म्हणतो, फाइल सापडत नाही. त्याचं बरोबर असतं.

असल्या जुन्या जपानी खेळांच्या संवादांवरचा सर्वज्ञात उपाय म्हणजे संगणकाची मूळ भाषा-व्यवस्था जपानी करणं. तो केल्याशिवाय जुन्या खेळातले संवाद म्हणजे नुसता अक्षरांचा चुराडा असतो. नायिका डोळ्यांत पाणी आणून चिन्हांची बरसात करते. उपाय केला, संगणक पुन्हा सुरू केला, की संवाद दुरुस्त होतात. मात्र आता जुन्या खिडक्यांमध्ये फाइलच्या पत्त्यातल्या तिरक्या रेघेच्या जागी जपानी येनचं चिन्ह दिसू लागतं. आणि युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेलं हाउसिंग सोसायटीचं परिपत्रक, त्याच काळातल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर, अर्धं जपानी होऊ शकतं. पाण्याच्या टाकीच्या वर्गणीची सूचना जपानीत का निघाली, याचं उत्तर सेक्रेटरी म्हणून आपल्या गृहस्थाला सर्वसाधारण सभेत द्यावं लागतं. जाणकारांनी यासाठी 'लोकेल एम्युलेटर' नावाचं छोटं साधन केलं आहे. ते फक्त त्या एका खेळापुरतं जपानचं सोंग वठवतं आणि सोसायटीला धक्का लावत नाही.

रेनपायच्या खेळांचे आजार वेगळे. त्यात चूक झाली की राखाडी पान येतं, आधी दिलगिरी आणि खाली पायथन भाषेतला पंचनामा. कर्त्याने नव्या आवृत्तीत एखादा नवा हिशेब सुरू केला, समजा नायिकेच्या मनातल्या प्रेमाचा, आणि जुन्या सेव्हमध्ये तो नसला, की ऐन रंगात आलेल्या संवादाच्या मध्ये पाटी येते, 'नेमएरर: नेम लव्ह इज नॉट डिफाइन्ड'. खाली बटणं: मागे जा, दुर्लक्ष करा, पुन्हा भरा. बहुतेक जण दुर्लक्ष करतात. खेळ पुढे चालतो, पण प्रेमाच्या खात्यात शून्य जमा राहतं आणि तीन आवृत्त्यांनंतर नायिका दुसऱ्याबरोबर निघून जाते. खेळाडू कथेला नावं ठेवतो. खरं कारण, नव्या हिशेबाला सुरुवातीचा आकडा देणारी, कर्त्याकडून राहून गेलेली 'डिफॉल्ट'ची एक ओळ.

प्रौढांच्या खेळांतल्या चुकांना मोठी परंपरा आहे. सिएरा कंपनीचा 'लेझर सूट लॅरी' १९८७ साली आला. मुलांनी खेळू नये म्हणून सुरुवातीला अमेरिकी सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा होती. कर्ता अ‍ॅल लो याचा तर्क असा, की हे मोठ्यांनाच माहीत असेल. आल्ट आणि एक्स दाबलं की ती टळत असे, आणि हे मुलांना आधी कळलं. साहेब आले तर दाबायची कळही होती. ती दाबली की पडद्यावर आलेख येई. खरी मौज १९८९च्या तिसऱ्या भागात आहे. त्यात लॅरीला व्यायामशाळेत घाम गाळून शरीर कमवावं लागतं. किती वेळा वजन उचलायचं हे खेळ ठरवत असे, संगणक किती वेगवान आहे ते पाहून. १९८९च्या यंत्रावर हा आकडा माफक होता. पुढे यंत्रं वेगवान झाली आणि बिचाऱ्या लॅरीच्या वाट्याला हजारो बैठका आल्या. महागडा संगणक घेणाऱ्याच्या लॅरीला जास्त व्यायाम. अखेर हौशी मंडळींनी दुरुस्तीच्या फाइली काढल्या आणि त्याची सुटका केली.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण 'तो इशारा खोटाच असतो, दुर्लक्ष करा' असं म्हणून हात झटकणारे ज्ञानी लोक जपानचं केनझेरो प्रकरण विसरतात. एप्रिल २०१०मध्ये ते जगभर गाजलं. 'विनी' या फाइल-वाटपाच्या जाळ्यावर प्रौढांच्या अ‍ॅनिमे-खेळांच्या चोरट्या प्रती फिरत असत. त्यातल्या काहींत हा ट्रोजन बसवलेला. तो खेळ बसवण्याचा पडदा दाखवी आणि नोंदणीसाठी नाव-पत्ता विचारी. लोक प्रामाणिकपणे भरत. मग तो त्या माणसाने इंटरनेटवर काय काय पाहिलं याची चित्रं काढून त्याच्या नावानिशी एका संकेतस्थळावर सर्वांना दिसेल अशी टांगी. पाठोपाठ निरोप येई: कॉपीराइट कायदा मोडल्याबद्दल १५०० येन भरा, म्हणजे पान काढून टाकू. साडेपाच हजार लोकांनी आपण सापडल्याचं कबूल केलं. कबूल न करणारे किती असतील, हे ज्याचं त्याने ठरवावं. चोरांनी रक्कमही अभ्यासून ठेवली होती. इतक्या पैशांसाठी कुणी पोलिसांत जात नाही, आणि या कारणासाठी तर नाहीच नाही.

जानेवारी २०२२मध्ये दक्षिण कोरियाच्या अ‍ॅनलॅब कंपनीने असाच प्रकार जाहीर केला. तिकडच्या फाइल-वाटप सेवांवर प्रौढांच्या खेळांच्या नावाने जी गाठोडी ठेवलेली होती, त्यात खेळाबरोबर दुसऱ्यांच्या सर्व्हरवर हल्ले करणारा बॉटही होता. भामट्यांनी हाच माल वारंवार का निवडावा? कारण या गिऱ्हाइकाची सवय त्यांना ठाऊक आहे. त्याला खोट्या इशाऱ्यांची इतकी सवय झालेली असते, की 'आधी अँटिव्हायरस बंद करा' हे सूचनापत्र तो बिनदिक्कत पाळतो. आणि पुढे काही झालंच, तर तो भाच्याला फोन करत नाही.

मग खरा इशारा ओळखायचा कसा? शंभर टक्के खात्रीचा मार्ग नाही, पण चार गोष्टी बघता येतात. गेम कर्त्याच्या स्वतःच्या पानावरून किंवा नीट दुकानातून घेतला असेल, तर निम्मी काळजी मिटते. फाइल 'व्हायरसटोटल'वर चढवून बघावी. ही सेवा २००४ साली स्पेनमधल्या मालागा शहरात सुरू झाली आणि २०१२पासून गुगलच्या मालकीची आहे. तिथे सत्तरच्या आसपास इंजिनं एकाच वेळी मत देतात. दोघा-तिघा अप्रसिद्ध इंजिनांनी 'जेनेरिक' म्हणून नाक मुरडलं तर तो बहुधा खोटा इशारा. पंचवीस जणांनी एकाच मालवेअर-घराण्याचं नाव घेतलं तर मात्र वाद घालू नये. कित्येक जीबींचा अख्खा खेळ तिथे चढणार नाही, मर्यादा ६५० एमबीची आहे. निदान चालवायची एक्झी फाइल तरी चढवावी. तिथे चढवलेलं सगळं जगभरच्या सुरक्षा कंपन्यांना पाहता येतं, तेव्हा गेमच्या फोल्डरमध्ये खरोखरच फॉर्म १६ ठेवले असतील तर ते आधी बाहेर काढावेत.

इशारा खोटा ठरला, तर सूट त्या एका फाइलला द्यावी. अनेक जण वैतागून अख्खा डाउनलोड फोल्डर, काही महाभाग तर अख्खा सी ड्राइव्ह, तपासणीतून वगळतात. पुढचा खरा चोर तिथेच उतरतो. अँटिव्हायरसने उचललेली फाइल बहुतेक वेळा नष्ट झालेली नसते, विलगीकरणात असते. ती तिथून परत आणता येते. त्याऐवजी लोक 'अमुक डीएलएल हरवली' असा निरोप वाचून ती डीएलएल कुठल्यातरी फुकट्या संकेतस्थळावरून आणतात, आणि खोट्या इशाऱ्यापायी खरा व्हायरस घरात घेतात. दुसऱ्या कुणाचं 'सगळं उघडलेलं' सेव्ह आणतानाही जपावं. रेनपायच्या सेव्ह फाइलमधून कोड चालवता येतो, म्हणूनच २०२३च्या ८.१ आवृत्तीपासून परक्या संगणकावरचं सेव्ह उघडताना ते इंजिन बजावतं.

राहता राहिला तक्रारीचा मार्ग. मायक्रोसॉफ्टसकट बहुतेक अँटिव्हायरस कंपन्या चुकीचा इशारा कळवण्यासाठी अर्ज ठेवतात. फाइल जोडायची, इशाऱ्याचं नाव लिहायचं, 'चुकून पकडली' या पर्यायावर खूण करायची. तपासणाऱ्याने आयुष्यात याहून बरंच काही पाहिलेलं असतं. तरीही फाइलचं नाव फारच बोलकं असेल, तर पाठवण्याआधी खुशाल बदलावं. फाइलची ओळख ज्या हॅशवरून पटते, तो आतल्या मजकुरावरून निघतो, नावावरून नाही.